वेग राखणारी यंत्रे

पारोळ्याच्या आसपास मळ्यात जुने डिझेल इंजिन चालू असताना आपण कधी कान देऊन ऐकले आहे का? पंपाने पाणी उचलले की आवाज क्षणभर जड होतो, मग सावरतो. सावरणारी असतात फिरणारी वजने. वेग मंदावला की ती आत येतात व इंधन वाढते. वेग वाढला की बाहेर फाकतात व इंधन घटते. पवनचक्क्यांत वापरातली ही युक्ती जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जोडली. खानदेशातल्या कापसाच्या जिनांत वाफेची इंजिने आली ती हा गव्हर्नर घेऊनच.

त्यात एक मेख आहे. ओझे वाढले की इंधन जास्त हवे, म्हणजे वजने आतच राहायला हवीत. आणि ती आत राहायची तर वेग थोडा कमीच राहणार! (हा मुद्दा मुलांनाच शोधू द्यावा.) मॅक्सवेलने १८६८ च्या निबंधात असल्या यंत्रांना खरे गव्हर्नर मानलेच नाही.

मोटारीसाठी हे काम नेटाने केले ते अमेरिकेतील राल्फ टीटर या अंध अभियंत्याने. त्याला १९५० साली पेटंट मिळाले, आणि १९५८ साली क्रायस्लरने ते यंत्र गाडीत बसवले. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव कॅडिलॅकमुळे रूढ झाले. पुढच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांनी वॅटची मेख काढली. वेगातली तूट ती क्षणाक्षणाने बेरजेत धरतात आणि तूट शून्य होईपर्यंत इंधन वाढवत राहतात. त्यामुळे चढावरही ठरवलेला वेग परत मिळतो.

आपल्याकडे ट्रक-बसना २०१५ च्या नियमाने लागलेला ‘स्पीड गव्हर्नर’ मात्र निराळा. तो ताशी ८० किलोमीटरची फक्त वरची मर्यादा घालतो, वेग राखत नाही. नावामुळे दोहोंची गल्लत फार होते.

तिसरा प्रकार पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखणारा. मित्सुबिशीने १९९५ साली लेसर वापरला, पण त्या यंत्राला ब्रेक लावता येत नव्हता. मर्सिडीजच्या १९९९ च्या रडारयुक्त यंत्राला तो लावता येऊ लागला. आता अशा गाड्या पारोळ्यावरून जाणाऱ्या धुळे-जळगाव महामार्गावरही धावतात. तिथे कापसाच्या हंगामात रात्री एखादी ट्रॉली दिव्याविना कडेला उभी असली तर? अशी अनेक यंत्रे उभ्या वाहनाला दाद देतीलच असे नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेतच तशी सूचना असते. कारण साधे आहे. रस्त्याकडेचा खांब, पुलाचा कठडा आणि उभी ट्रॉली, सगळे रडारला सारख्याच वेगाने जवळ येताना दिसतात. प्रत्येक खांबाला ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंचे संकेत गाळले जातात, आणि त्यात ट्रॉलीही गाळली जाऊ शकते.