पिंपातलं वय आणि बाटलीवरचं वय

घनसावंगीला ऊस काही नवा नाही. उसाच्या मळीतून निघणाऱ्या मद्यार्कावरच आपल्याकडची बहुतेक स्वस्त 'व्हिस्की' बनते. युरोपात मात्र धान्याशिवाय ते नाव लावता येत नाही. त्या पार्श्वभूमीवर २००४ साली बंगळूरची अमृत सिंगल माल्ट थेट ग्लासगोत उतरली, २०१२ मध्ये गोव्याची पॉल जॉन लंडनला पोचली. दोन्ही बार्लीच्या, ओकच्या पिंपात मुरलेल्या. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के माल हवेत उडतो, गोव्यात ८च्या आसपास. पण त्याच उष्णतेनं लाकडाचा रंग-वास लवकर उतरतो. म्हणून चव घेऊन गुण देताना नुसती वर्षं मोजू नका. पिंप कुठल्या हवेत ठेवलं होतं, ते आधी विचारा.