रिचर्ड केजविन : मुंबईतील बंड आणि संभाजी महाराजांशी तह

मराठ्यांच्या आरमारी इतिहासात कॅप्टन रिचर्ड केजविन प्रथम दिसतो तो शत्रू म्हणून. इ. स. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली. ती रोखण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी पाठविलेल्या आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे होते. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गुराब मराठ्यांनी पकडले. केजविनने ‘रिव्हेंज’वरून नेटाने झुंज दिली, खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली. याच पुरुषाशी पाच वर्षांच्या आत संभाजी महाराजांनी तह करावा, याची कारणमीमांसा आवश्यक ठरते.

इ. स. १६६८ मध्ये मुंबई इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. पुढे संचालकांनी लष्करी खर्चास कात्री लावली आणि शिबंदीत असंतोष पसरला. २७ डिसेंबर १६८३ रोजी केजविनने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड यास कैद करून दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नावाने कारभार हाती घेतला. त्याने झुगारली ती कंपनीची सत्ता, राजाची नव्हे. म्हणूनच या घटनेस सरसकट राजद्रोह म्हणणे प्रस्तुत लेखकास सयुक्तिक वाटत नाही.

सुरतेच्या कंपनी अधिकाऱ्यांनी त्याची सत्ता अमान्य केल्याने केजविनला शेजारी मित्र हवा होता. इकडे संभाजी महाराज मोगल, पोर्तुगीज व जंजिऱ्याचा सिद्दी अशा तिघांशी झुंजत होते. सिद्दीच्या आरमारास मुंबई बंदरात मिळणारा आश्रय हे मराठ्यांचे जुने शल्य. केजविनने तो आश्रय नाकारला. इ. स. १६८४ च्या तहाने इंग्रजांना कर्नाटकात व्यापारी सवलती मिळाल्या. परंतु त्यातील एक कलम त्याहून मोलाचे आहे. मराठी राज्यातील प्रजाजनांना गुलाम अथवा ख्रिस्ती करण्यासाठी इंग्रजांनी विकत घेऊ नये, अशी अट महाराजांनी घातली. व्यापाराच्या करारात रयतेच्या रक्षणाची ही तरतूद यावी, याकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष अधिक जावयास हवे.

हा कारभार वर्षभरही टिकला नाही. नोव्हेंबर १६८४ मध्ये सर थॉमस ग्रँथम राजाज्ञा घेऊन आला व माफीच्या अभिवचनावर केजविनने मुंबई त्याच्या स्वाधीन केली. पुढे इंग्लंडच्या आरमारात परतलेला केजविन इ. स. १६९० मध्ये वेस्ट इंडिजमधील सेंट किट्स बेटावर फ्रेंचांविरुद्धच्या हल्ल्यात मारला गेला.