दान आणि वाटणी

हिंगोलीहून वाशीमच्या रस्त्याला लागले की कनेरगाव नाका येतो. तेथून पुढे मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो. आज ही दोन जिल्ह्यांची हद्द आहे. १९४७ साली ती दोन राजवटींची हद्द होती. वाशीम वऱ्हाडात, इंग्रजांच्या कारभारात. हिंगोली निजामाच्या मुलखात. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हद्दीपलीकडे जन्मलेले मूल स्वतंत्र भारतात जन्मले. अलीकडे जन्मलेल्या मुलाला त्यासाठी १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. बोली तीच, ज्वारीची भाकरी तीच. मध्ये तेरा महिन्यांचे अंतर! अशा गोष्टीला आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा एकच शब्द असे : ‘दान पडलं तसं.’

शब्द सोंगट्यांच्या पटावरचा. तो मला पुन्हा आठवला तो गेल्या दिवाळीत. पुण्याहून आलेल्या भाच्याने फराळ आटोपताच एक पेटी उघडली आणि फासे माझ्या हातात दिले. म्हणाला, “मामा, आधी आपला माणूस जन्माला घालायचा, मग खेळायला बसायचं.”

हा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चारचौघांनी बसून एकेका पात्राची भूमिका घ्यायची आणि मिळून एक साहसकथा रचीत जायचे, असा हा खेळ. प्रत्येक पात्राला सहा गुण : बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप. पहिला नियम कडक होता. एकेका गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल ती ओळीने लिहून घ्यायची. बदल नाही, तक्रार नाही.

तीन फाशांची दाने पडतात २१६ तऱ्हांनी. त्यांत अठरा येतात एकाच तऱ्हेने. दहा आणि अकरा मात्र प्रत्येकी सत्तावीस तऱ्हांनी. म्हणजे बहुतेक माणसे बेताची आणि भीम एखादाच. आपल्या गावाची खानेसुमारी केली तरी याहून निराळे काय निघेल? पण भीम व्हायला बसलेल्याच्या बळापुढे सहाचा आकडा पडला, तर त्याने महिनोन् महिने तोच घेऊन खेळावे काय?

म्हणून १९७९ च्या नियमग्रंथात गायगॅक्सने सवलती दिल्या. त्यांतली एक फार लोकप्रिय झाली : चार फासे टाका, सर्वांत लहान आकडा सोडून द्या आणि आलेल्या सहा बेरजा हव्या त्या गुणांपुढे मांडा. आता अठराचा योग सुमारे बासष्टांत एकदा येऊ लागला आणि सरासरी साडेदहावरून बारांच्या वर गेली.

तरीही एकाला चांगले दान आणि शेजारच्याला वाईट, हे दुखणे उरलेच. त्यावर दुसरा उपाय निघाला, तो वाटणीचा. १९७७ साली स्टीव्ह जॅक्सन याच्या ‘मेली’ या खेळात फासे न टाकता प्रत्येकाला सारखे चोवीस गुण मिळत. ते बळ आणि चपळाई यांत ज्याचे त्याने वाटावे. पुढे मूळ खेळानेही ही वाट धरली. २०१४ च्या आवृत्तीत १५, १४, १३, १२, १० आणि ८ असे तयार आकडेच दिलेले आहेत. कोणता कोठे ठेवायचा तेवढे आपण ठरवायचे. न्याय झाला खरा, पण भाच्याचेच शब्द सांगतो, “मग सगळे सारखेच निघतात, मामा!”

दान की वाटणी, हा वाद आपल्याला नवा नाही. महाभारताच्या वनपर्वातील नळाची कथा आठवा. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा रथ हाकीत विदर्भाकडे निघाला आहे. वाटेत राजा एका बेहड्याची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजून दाखवितो. बेहड्याच्याच फळांचे त्या काळी फासे होत. नळ रथ थांबवितो, स्वतः मोजून खात्री करून घेतो आणि आपल्या अश्वविद्येच्या बदल्यात राजाकडून अक्षविद्या शिकतो. पुढे पुष्कराशी तो पुन्हा खेळला तो फाशांनीच. पण आता त्याला फाशांचे मर्म ठाऊक होते. गेलेले राज्य त्याने परत मिळविले.

कनेरगावच्या अलीकडे जन्मलेल्यांनीही पडलेले दान मुकाट्याने लिहून घेतले नाही. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली मराठवाड्याने लढा दिला. १९५६ साली नाक्याच्या दोन्ही बाजू एका राज्यात आल्या आणि १९६० साली ते महाराष्ट्र राज्य झाले.

भाच्याने मला विचारले, “फासे टाकता की तयार आकडे घेता?” मी फासे घेतले. बळ सात आले, शहाणपण चौदा. आकडे हलवायची मुभा होती, पण मी ते तसेच राहू दिले. या वयाला ते दान काही वाईट नव्हते.