मेडिकल जर्नलमधले रेफरन्स कसे लिहितात? एक आकडा चुकला तर काय बिघडतं?

‘संशोधनात सिद्ध झालं आहे की...’ अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. संशोधन कोणाचं, कधीचं, कुठे छापलेलं, याचा त्यात पत्ता नसतो. डॉक्टरांना मात्र असं लिहून चालत नाही. धुळे-जळगावात एमडी किंवा एमएस करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे प्रबंध द्यावा लागतो. पुढे त्याचाच लेख करून तो जर्नलकडे पाठवला जातो. त्या लेखातल्या प्रत्येक उसन्या माहितीला आधार दाखवावा लागतो. हा आधार म्हणजेच रेफरन्स.

इतकं काटेकोर का?

अमेरिकेतलं एक गाजलेलं उदाहरण पाहा. १९८० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचं फक्त पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. अफूवर्गीय वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, असं त्यात होतं. हे सगळे रुग्ण हॉस्पिटलमध्ये भरती असलेले होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्र काहीच सांगत नव्हतं.

पण पुढे ‘या गोळ्यांनी व्यसन लागत नाही’ याचा पुरावा म्हणून हेच पत्र पुढे केलं गेलं. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी याचा माग काढला. पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यातल्या ७२ टक्के लेखकांनी ते ‘व्यसन दुर्मीळ आहे’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं. सुमारे ८१ टक्के लेखकांनी रुग्ण हॉस्पिटलमधले होते हे सांगितलंच नव्हतं. अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटाला जी कारणं जबाबदार धरली जातात, त्यात या फसव्या दाखल्याचंही नाव घेतलं जातं.

मात्र ही गफलत उघडकीस आली तीही रेफरन्समुळेच. मूळ पत्राचा पत्ता प्रत्येक लेखात दिलेला होता, म्हणून ते काढून वाचता आलं.

‘व्हँकुव्हर’ पद्धत म्हणजे काय?

पूर्वी प्रत्येक जर्नलची रेफरन्स लिहिण्याची तऱ्हा वेगळी असायची. एका जर्नलने लेख नाकारला की दुसऱ्याकडे पाठवताना अख्खी यादी पुन्हा टाइप करावी लागे. १९७८ मध्ये काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि त्यांनी समान नियम ठरवले. म्हणून या पद्धतीला शहराचंच नाव पडलं. याच गटातून पुढे वैद्यकीय जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली.

मूळ नियम सोपा आहे. लेखात जो संदर्भ पहिल्यांदा येईल त्याला १, पुढच्या नव्याला २. तोच संदर्भ नंतर पुन्हा आला तरी आकडा जुनाच राहतो. शेवटची यादीही याच क्रमाने, आडनावाच्या अक्षरक्रमाने नाही.

एक रेफरन्स उलगडून पाहू

समजा, सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजातल्या सिकलसेल आजारावर लेख लिहायचा आहे. भारतात या आजाराची नोंद १९५२ मध्ये झाली, हे वाक्य त्यात येणारच. त्याचा रेफरन्स देवनागरीत मांडला तर असा दिसेल:

लेहमन एच, कटबुश एम. सिकल-सेल ट्रेट इन सदर्न इंडिया. ब्रि मेड ज. १९५२;१(४७५५):४०४-५.

- लेखक: आधी आडनाव, मग आद्याक्षरं. आद्याक्षरांनंतर टिंब नाही. लेखक सहापेक्षा जास्त असतील तर अनेक जर्नलं पहिली सहा नावं आणि पुढे ‘व इतर’ या अर्थाचं ‘एट अल’ मागतात.
- शीर्षक: जसं छापलं तसंच. इंग्रजीत लिहिताना फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल.
- जर्नलचं नाव: अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या यादीतलं संक्षिप्त रूप. मनाने तोडायचं नाही.
- शेवटचे आकडे: वर्ष, खंड, कंसात अंक, मग पानं. ४०४-५ म्हणजे ४०४ ते ४०५.

आजच्या लेखांना याशिवाय डीओआय हा कायमचा क्रमांक असतो. वेबसाइट बदलली तरी त्यावरून लेख सापडतो. मजकुरातला आकडा कंसात द्यायचा की ओळीच्या वर बारीक अक्षरात, हे जर्नलगणिक बदलतं. म्हणून पाठवण्याआधी त्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्याच लागतात.

आपल्याकडची खास अडचण: आडनाव

खान्देशात पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे ही आडनावं किती, ते सांगायला नको. ‘पाटील आर’ एवढंच लिहिलं तर नेमका कोणता डॉक्टर? त्यातच आपण मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो. एका लेखात ते आहे, दुसऱ्यात नाही, की शोधयंत्राला दोन वेगळी माणसं वाटतात. त्यामुळे पहिल्या लेखापासून नावाचं एकच रूप ठेवावं. ऑर्किड हा सोळा अंकी मोफत ओळखक्रमांकही काढता येतो.

सॉफ्टवेअर आणि एआयवर किती विसंबायचं?

झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर आकडे आपोआप लावतं. मध्येच नवा संदर्भ घातला तर पुढचे सगळे क्रमांक स्वतः बदलतं. पबमेडवर ‘साइट’ बटण दाबलं की तयार रेफरन्स मिळतो. तरी एकेक ओळ डोळ्यांखालून घालायला हवी. माहितीच चुकीची उतरली असेल तर सॉफ्टवेअर ती चूक नीटनेटकी करून छापेल, इतकंच.

एआय चॅटबॉटचा धोका मोठा आहे. तो कधी कधी अस्तित्वातच नसलेला लेख खऱ्यासारख्या लेखक-पानांसह देतो. डीओआय टाकून लेख उघडतो का, हे बघणं हाच उपाय. लेख मागे तर घेतलेला नाही ना, हेही तिथेच पाहावं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’मधला लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागेही घेतला गेला.

धुळ्याला हे नवं नाही

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत फिरले, कारण त्यांना ऐकीव गोष्ट नको, अस्सल कागद हवा होता. १९२६ मध्ये धुळ्यातच त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. वैद्यकीय लेखाचा नियमही तोच: दुसऱ्याच्या लेखात दिसलेला संदर्भ तसाच उचलू नका, मूळ लेख उघडा, वाचा, मगच आकडा टाका.

आणि तुम्ही डॉक्टर नसलात तरी पुढच्या वेळी ‘संशोधनात सिद्ध झालंय’ असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कोणी, कुठे, कधी? उत्तर मिळालं तर मूळ लेख उघडून बघा. नाही मिळालं, तर मेसेज तिथेच थांबवा.