रेकॉर्डवरचं नाव

१९४९ मध्ये 'महल' आला आणि त्यातलं गाणं देशभर गाजलं. रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय होतं माहित्ये? 'कामिनी'! म्हणजे मधुबालाच्या पात्राचं. गाणारी लता तेव्हा जेमतेम विशीची.

लताबाईंच्या आवाजावर आपण भरभरून बोलतो, त्यांच्या भांडणांवर फारसं नाही. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायकांना पारितोषिकच नव्हतं, म्हणून त्यांनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला. १९५९ मध्ये ते सुरू झालं. पुढे साठच्या दशकात रॉयल्टीवरून रफीसाहेबांशी बिनसलं. मानधन मिळालं की विषय संपला, असं रफींचं प्रामाणिक मत. काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत.

अखेर २०१२ च्या कायदादुरुस्तीने गायकांचा रॉयल्टीचा हक्क मान्य केला. तोवर रफी जाऊन बत्तीस वर्षं झाली होती. असो, आज गाण्याखाली गायकाचं नाव दिसलं की मला ती 'कामिनी' आठवते.