निर्णय एकीकडे, वहन दुसरीकडे

धोरण ठरविणारा आणि ते राबविणारा वेगळा असावा का, हा प्रशासनातील जुनाच प्रश्न. संगणकांच्या जाळ्यांनाही तो पडला. तेथे मिळालेले उत्तर प्रशासकांनी अभ्यासावे असे आहे.

१९६४ मध्ये पॉल बॅरन यांनी अमेरिकेतील रँड संस्थेच्या अहवालांत विकेंद्रित जाळ्याची कल्पना मांडली. युद्धात काही केंद्रे नष्ट झाली तरी संदेश पोहोचावेत, हा त्यामागील हेतू. इंटरनेटची वाढही विकेंद्रित पद्धतीनेच झाली. प्रत्येक राउटर शेजाऱ्यांकडून माहिती घेई, मार्ग स्वतः ठरवी आणि संदेश पुढे धाडी. जाळे चिवट झाले; मात्र एखादा नियम बदलायचा तर तो एकेका यंत्रावर चढवावा लागे. संपूर्ण जाळ्याचे चित्र कोणापुढेच नसे.

२००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्टिन कॅसाडो, निक मॅककिओन आदी संशोधकांनी ‘ईथेन’ हा प्रयोग प्रसिद्ध केला. ३०० हून अधिक संगणकांच्या जाळ्याचे धोरण त्यांनी एका नियंत्रकाकडे सोपविले. २००८ मध्ये ‘ओपनफ्लो’ आले. यात स्विचकडे केवळ एक तक्ता असतो : अमुक खुणेचा संदेश आला तर तमुक वाटेने पाठवा, तक्त्यात न बसणारा आला तर नियंत्रकास विचारा. तक्ता भरण्याचे काम नियंत्रक-सॉफ्टवेअर करते. कार्यपद्धती बदलायची तर यंत्रे न बदलता सॉफ्टवेअर बदलावे.

लाभ मोठा होता. दूरच्या जोडण्यांची सरासरी ३० ते ४० टक्केच क्षमता वापरण्याचा तेव्हा प्रघात होता. या पद्धतीने बांधलेल्या ‘बी-फोर’ जाळ्यात हा वापर सरासरी ७० टक्क्यांवर गेल्याचे गूगलने २०१३ मध्ये सांगितले.

परंतु केंद्रीकरणाची किंमतही असते. २ जून २०१९ रोजी गूगलच्याच स्वयंचलित देखभाल-प्रणालीने अनेक ठिकाणची नियंत्रक-सॉफ्टवेअरे चुकून एकदम थांबविली. जाळे काही मिनिटे जुन्या आज्ञांवर चालले, मग त्याची क्षमता घटली. अमेरिकेतील अनेक सेवा चार तासांहून अधिक काळ विस्कळीत झाल्या.

यानंतर गूगलने केंद्रीय नियंत्रण मोडीत काढले नाही. नियंत्रक गप्प झाला तरी जाळे अधिक काळ तग धरेल, अशी तजवीज करण्याचे ठरविले. सचिवालयाशी संपर्क तुटल्यावर जिल्हा किती तास स्वबळावर चालेल, हे महापुरापूर्वीच ठरवून ठेवणे म्हणजेच सुप्रशासन.