व्याख्यान द्यायला शिकलेला शास्त्रज्ञ

लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशन १७९९ मध्ये स्थापन झाली. विज्ञान लोकांसमोर मांडणे हा तिचा एक हेतू. तेथे हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांना तोबा गर्दी होई. १८१२ मध्ये बुकबाइंडरकडे उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडे यांनी त्यांतली चार ऐकली, टिपणे काढली आणि स्वतः बांधलेली वही डेव्हींकडे धाडली. पुढच्याच वर्षी ते संस्थेत सहायक म्हणून लागले.

डेव्हींना वक्तृत्वाची उपजत देणगी होती. फॅरडेंनी ते कष्टाने कमावले. १८१३ मध्ये, स्वतः मंचावर उभे राहण्याआधीच, मित्र बेंजामिन ॲबट यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी व्याख्यानाचा बारकाईने विचार केला आहे: सभागृहात हवा खेळती हवी, उपकरणे सर्वांना दिसावीत, बोलणे संथ असावे, तासाभराहून अधिक वेळ घेऊ नये. पुढे बेंजामिन स्मार्ट या वक्तृत्वशिक्षकाकडे त्यांनी पैसे भरून शिकवणी लावली आणि नंतर त्यांनाच आपल्या व्याख्यानांना बसवून चुका दाखवून घेतल्या. एडवर्ड मॅग्राथ हे मित्र तर समोर बसून, बोलण्याचा वेग वाढला की ‘सावकाश’ असे लिहिलेले कार्ड पुढे धरत. वेळ संपत आली की ‘वेळ’ असे दुसरे. प्रयोगशाळेतल्या कामाला जी शिस्त, तीच फॅरडेंनी बोलण्याला लावली, आणि हे त्यांचे मोठेपण संशोधनाइतकेच मोलाचे आहे.

१८२५ मध्ये संस्थेत शुक्रवारची सायंव्याख्याने आणि मुलांसाठी नाताळची व्याख्यानमाला सुरू झाली. नाताळच्या १९ माला एकट्या फॅरडेंनी गुंफल्या. त्यांतली मेणबत्तीवरची सर्वांत गाजली. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात ते काचेची नळी धरत. नळीतून बाहेर आलेली वाफ दुसऱ्या टोकाशी पेटवून दाखवत. जळते ते घन मेण नव्हे, त्याची वाफ, हे मुलांना डोळ्यांनी दिसे. श्रोत्यांना अमुक ठाऊक असेलच, असे ते कधी गृहीत धरत नसत.

१८६०-६१ ची ही व्याख्याने विल्यम क्रुक्स यांनी संपादित करून १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आणली. दुसऱ्या महायुद्धातली काही वर्षे सोडता नाताळची माला आजही चालू आहे. १९६६ पासून ती दूरचित्रवाणीवरही दिसते.